नाइट करून आलेली सून

एरवी या वेळेला मी बचत, अंतर्गत कर्ज, बँकेची प्रकरणं असलं काहीतरी बोलत असते. आजचा विषय वेगळा आहे, पण गटाबाहेरचा नाही. आपल्या दशसूत्रीत आरोग्य हे एक सूत्र आहेच. आज मी आरोग्य सांभाळणाऱ्या बाईच्या आरोग्याबद्दल बोलणार आहे.

गेल्या महिन्यात १२ तारखेला परिचारिका दिन झाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचा तो जन्मदिवस, १८२० सालचा. दवाखान्यांत मेणबत्त्या लावल्या, शपथ घेतली, केक कापला. फोटो आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर आले. त्या फोटोतल्या काहीजणी त्याच रात्री ड्युटीवर उभ्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने घरी आल्या. घरी आल्यावर पुढं काय झालं, त्याचा फोटो कोणी काढत नाही.

आपल्या या पूर्व भागात, म्हणजे जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडं, मुलगी नर्सिंगला गेली की घरचे निर्धास्त होतात. "कुठंबी नोकरी मिळंल," म्हणतात. खोटं नाही ते. मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव, सांगली लागून. दोन वर्षांचं एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम नाहीतर चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग. गटातून शिक्षणासाठी कर्ज उचललं की कारणाच्या रकान्यात "मुलीची नर्सिंगची फी" असं मी दरवर्षी लिहिते. बायका त्यासाठी बोरमाळसुद्धा गहाण टाकतात. मुलगी शिकते, नोकरीला लागते, लग्न होतं, आणि मग ती कुणाची तरी "नोकरी करणारी सून" होते. इथून पुढची गोष्ट आपल्या घरातली आहे.

सरकारी दवाखान्यात तिला अधिपरिचारिका म्हणतात. तिच्या वर परिसेविका, त्यांच्या वर अधिसेविका, म्हणजे आपण ज्यांना मेट्रन म्हणतो त्या. उपकेंद्रात असते ती आरोग्यसेविका. आपल्या तोंडी मात्र सगळ्याच सिस्टर. आणि एकदा सिस्टर म्हटलं की आपण तिला हक्काची बहीण धरतो. हाक मारली की आली पाहिजे, नाही आली तर "लई शिष्ट आहे."

ती का येत नाही, ते आधी बघू. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा जुना निकष असा की साध्या रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ नर्स असावी, मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १. शिवाय रजा, आजारपण, बाळंतपण यांच्यासाठी ३० टक्के माणसं जादा धरावीत. आता तुम्ही शेवटचं कुणाला बघायला गेला होता तो वॉर्ड आठवा. रात्रीच्या खाटा मोजा आणि सिस्टर मोजा. मी आकडा सांगत नाही, तुमचा तुम्हीच काढा. खाली सतरंजीवर झोपलेले पेशंट धरायला विसरू नका.

सरकारी दवाखान्यात साधारण सकाळ, दुपार, रात्र अशा तीन पाळ्या. रात्रीची मोठी, बऱ्याच ठिकाणी ८ ते ८. लहान खासगी दवाखान्यांत दोनच पाळ्या, बारा-बारा तासांच्या. रात्री दहाची इंजेक्शनं, बीपी, सलाईन बदलणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, दोन वाजता आलेला अपघात, त्याचे केस पेपर, त्याच्याबरोबर आलेली पंधरा माणसं. हे अंगमेहनतीचं झालं. पाय सुजतात, कंबर धरते. लघवीला जायला वेळ नाही म्हणून पाणीच कमी पितात, मग लघवीचा संसर्ग. हे त्रास मला कितीतरी जणींनी सांगितलेत, अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तसे.

पण दुसरंही एक काम असतं, ते दिसत नाही. पहाटे चारला एक म्हातारे वारतात. त्यांच्या लेकाला सांगायचं, तो रडतो, अंगावर धावून येतो, त्याला पाणी द्यायचं. देह नीट करून बांधायचा. आणि पाच वाजता शेजारच्या खाटेवरच्या बाईला औषध द्यायला जायचं, ते हसऱ्या तोंडानं. कारण ती बाई रात्रभर जागी आहे आणि सिस्टरच्या तोंडाकडं बघून स्वतःचं काय होणार याचा अंदाज बांधते आहे. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींच्या कामावर पुस्तक लिहिलं. चेहरा आणि मन सांभाळणं हेही श्रमच असतात, असं त्यांनी मांडलं. भावनिक श्रम म्हणतात त्याला. आपल्याकडच्या बायकांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. पोटात काही असो, पाहुण्यांपुढं हसत चहा घेऊन जाणं आपल्याला माहीतच आहे. सिस्टर ते बारा तास करते, आणि मग घरी येऊन परत करते.

असं वर्षानुवर्षं चाललं की काय होतं? त्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद केली, आणि आजार म्हणून नाही तर कामातून उद्भवणारी स्थिती म्हणून केली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण याचा अर्थ खोट बाईत नाही, कामाच्या जागेत आहे. त्याच्या तीन खुणा सांगितल्यात. एक, झोपूनही न जाणारा थकवा. दोन, कामापासून मन तुटणं. पूर्वी जी "आजोबा, बरं वाटतंय का" विचारायची, ती आता "९ नंबर" म्हणते आणि पुढं जाते. तीन, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं. घरात हे वेगळ्या तऱ्हेनं दिसतं. ती लेकरावर खेकसते, कुणाशी बोलत नाही, लग्नाकार्याला येत नाही. आणि आपण म्हणतो, पगाराचा माज आलाय.

आता भावनिक बुद्धिमत्तेबद्दल. हा शब्द हल्ली सगळ्या प्रशिक्षणांत असतो. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये तो मांडला आणि १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकानं जगभर नेला. अर्थ अवघड नाही. आपल्याला काय वाटतंय ते ओळखणं, समोरच्याला काय वाटतंय ते ओळखणं, आणि त्याप्रमाणे वागणं. राग आला तर राग आलाय हे आधी स्वतःला कळणं. चांगली गोष्ट आहे, शिकण्यासारखी आहे.

पण माझं एक म्हणणं आहे. ही बुद्धिमत्ता फक्त सिस्टरनंच का शिकायची? पंधरा पेशंट एकटीवर टाकायचे, आणि ती चिडली की तिला ताण-व्यवस्थापनाच्या शिबिराला बसवायचं, तेही तिच्या सुट्टीच्या दिवशी. म्हणजे सुट्टीही गेली. ताण कसा हाताळावा हे तिला शिकवणाऱ्यांनी ड्युटीचा तक्ता करणाऱ्यांनाही त्याच वर्गात बसवावं. डॉक्टरांना बसवावं. पेशंटच्या नातेवाइकांना, आणि आपल्यालाही.

एका निवृत्त परिसेविकांशी मी या विषयावर पुष्कळ बोलले. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी हा शब्द नव्हता. पण मयत झालं की मी नवीन मुलीला लगेच दुसऱ्या खाटेवर पाठवत नसे. हात धुवायला पाठवायची. कोपरापर्यंत, सावकाश. तेवढा वेळ तिचा." आणि दुसरी गोष्ट. पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देतात, हँडओव्हर म्हणतात त्याला. त्यात त्या रजिस्टरात नसलेलं एक वाक्य सांगायला लावायच्या. "आज त्या लहान पोराचं मला लागलं." एवढंच. ऐकणारीनं सल्ला द्यायचा नाही, नुसतं "हां" म्हणायचं. त्यांच्या वॉर्डातून बदली मागणाऱ्या मुली कमी होत्या म्हणे. मला ते पटतं. याला शिबिर लागत नाही, वर कुणीतरी शहाणी बाई लागते.

आता गटातली गोष्ट. नावं सांगत नाही.

आमच्या एका गटात एक सिस्टर सभासद आहे. मिरजेला लहान खासगी दवाखान्यात, रात्री ८ ते सकाळी ८, महिना ९ हजार. तीन बैठका ती आली नाही. तिची बचत घेऊन सासूबाई यायच्या. नियमानं एका घरातली एकच बाई सभासद, आणि बैठकीला सभासदानं स्वतः यायचं, नाहीतर १० रुपये दंड. चौथ्या बैठकीला कुरकुर सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, "झोपलीया घरात. दुपारचे दोन वाजले तरी बाईसाहेबांची सकाळ न्हाई." सगळ्याजणी हसल्या.

आमच्या गटात हिशोब लिहिणाऱ्या एक आक्का आहेत. सातवी शिकलेल्या, पण आकड्याला पक्क्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी रजिस्टरचं मागचं पान उघडलं आणि विचारलं, "मावशी, सूनबाई घरला किती वाजता येती?"

"सव्वाधाला."

"मग लगीच झोपती?"

"असं कसं? आंघोळ, धुणं, भांडी. सकाळचा सैपाक म्या करते की. जेवून बारा वाजत्यात."

"आन् उठती?"

"चारला. संध्याकाळच्या भाकरी कोण करणार? पावणेसहाला स्टँडवर पायजे."

"मधी कोण उठवतं?"

सासूबाई जरा थांबल्या. लेक अंगणवाडीतून येते. गॅसवाला येतो. शेजारीण हाक मारते. मग आक्कांनी आकडे मांडले. माणसाला सात तास झोप धरू. हिला मोडून-तोडून तीन. रोजची थकबाकी चार तास. सलग सहा नाइट असतात, म्हणजे चोवीस तास. आक्का म्हणाल्या, "आठवड्याला अख्खा एक दिवस आन् एक रात थकलीया हिची. कर्जाचा हप्ता असता तर आपण घरी जाऊन बसलो असतो."

कोणी काही बोललं नाही. मग सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाटायचं रात्री पेशंट झोपलं की ह्यापण झोपत असतील."

मैत्रिणींनो, हे त्यांचं एकटीचं म्हणणं नाही. नाइट म्हणजे दवाखान्यात जाऊन झोपायचं, असं समजणारी घरं मी डझनानं बघितली आहेत. नवरेही त्यात असतात. तिला कोणी विचारत नाही आणि ती सांगत नाही, कारण घरी आल्यावर पोटात पहाटेचं मयत असतं आणि समोर धुण्याचा ढीग.

त्या बैठकीत दंडावर वाद झालाच. एक वहिनी म्हणाल्या, "तिला सूट, मग मी खुरपायला परगावी जाते, मला का नको?" बरोबर होतं त्यांचं. ठराव असा झाला की रात्रपाळी किंवा गावाबाहेर मजुरी असणाऱ्या कुणालाही दंड नाही, बचत फोनवरून पाठवली तरी चालेल, पण महिन्यातून एका बैठकीला स्वतः यायचं. सिस्टर आपला ड्युटीचा तक्ता गटावर टाकते आणि तिची बैठक त्याप्रमाणे धरतो. सासूबाईंनी दुपारी दाराला आतून कडी लावायला सुरुवात केली. शेजारणीला त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण आता ती दोननंतर हाक मारत नाही. धुणं नवऱ्याकडं गेलंय, निदान नाइटच्या आठवड्यात. पहिल्या दिवशी त्यानं ते अंधार पडल्यावर वाळत घातलं, लोकांनी बघू नये म्हणून. असो, घातलं तर खरं.

नाइट करून येणारी बाई ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. दिवसाची झोप मुळातच हलकी आणि तुटकी असते, कारण उजेडात शरीराला जागं राहायची सवय असते. म्हणून खोलीत अंधार करा, जाड चादर खिडकीवर टाकली तरी पुरे. फोन दुसऱ्या खोलीत. नाइटच्या शेवटच्या दोन-तीन तासांत तिनं चहा-कॉफी टाळली तर घरी लवकर डोळा लागतो. स्कूटी असेल तर नाइटनंतर चालवत येऊ देऊ नका, डुलकी सांगून येत नाही. एसटी नाहीतर घरचं कोणी न्यायला जा. आणि आल्या आल्या पैशाचं, भांडणाचं, पाहुण्यांचं काही काढू नका. दवाखान्यात ज्यांचं ऐकायचं असतं त्यांचं मांजराच्या पावलानं ऐका. तक्ता करणारे कुणी ऐकत असतील तर त्यांना एक विनंती. सकाळ, मग दुपार, मग रात्र अशी पाळी पुढं सरकवलेली शरीराला सोसते. दुपारची पाळी करून रात्री घरी गेलेल्या बाईला लगेच सकाळी बोलावणं, हे उलटं चक्र फार वाईट.

पेशंटबरोबर जाणाऱ्यांनाही सांगते. पाळी बदलायच्या वेळेला, म्हणजे सकाळी आठच्या आणि दुपारी दोनच्या सुमारास, सिस्टरना हाका मारू नका, तातडी सोडून. त्या वेळी एकेक पेशंट आणि औषधं एकमेकींच्या ताब्यात देत असतात. मध्ये तोडलं तर चूक व्हायची आणि ती आपल्याच माणसाच्या औषधात व्हायची. दहाजणांनी दहा वेळा विचारण्यापेक्षा घरातल्या एकानं विचारावं. आणि हात उगारणं तर सोडाच. महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. दवाखान्यातल्या डॉक्टर, नर्स, कुणाही कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे.

सुरक्षेचं निघालंच तर अरुणा शानबाग यांचं नाव घ्यावं लागेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलताना तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्यानं त्यांच्यावर हल्ला केला. त्या परत कधी उठल्या नाहीत. मे २०१५ मध्ये वारल्या. जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. एक पिढी निवृत्त झाली की दुसरीनं हाती घेतलं. त्यांच्यासाठी दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा याच नर्सेस त्याच्या विरोधात उभ्या राहिल्या. भावनिक बुद्धिमत्तेचा वर्ग घ्यायचा तर तो त्यांच्याकडून घ्यावा. पण मला त्यातलं आणखी एक आठवतं. त्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्सेसनी संप केला होता, अरुणासाठी आणि स्वतःच्या कामाच्या परिस्थितीसाठीही. पन्नास वर्षं झाली, आणि आपल्या तालुक्यांच्या गावात असे दवाखाने मला माहीत आहेत जिथं सिस्टरना कपडे बदलायला कडी लागणारी खोली नाही. औषधांच्या खोक्यांमागं बदलतात. १० किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथं लैंगिक छळाविरोधात अंतर्गत समिती असलीच पाहिजे, हा २०१३ चा कायदा आहे. १० पेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, तिथं तक्रार करता येते.

पगाराचंही सांगून टाकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये खासगी दवाखान्यांतल्या नर्सेसच्या पगारासाठी समिती नेमायला केंद्र सरकारला सांगितलं. त्या समितीची शिफारस अशी की ५० पेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातसुद्धा पगार २० हजारांच्या खाली नको, आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका. शिफारस ती. आमच्या सिस्टरला ९ हजार मिळतात, हे मघाशी सांगितलंच. तिनं नेमणुकीचं पत्र मागितलं, तेही अजून मिळालं नाही. बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा १० किंवा जास्त कामगार असतील तिथं पहिल्या दोन मुलांना मिळते, पण त्यासाठी तुम्ही तिथं कामाला होता हे कागदावर असावं लागतं. म्हणून पत्र मागायचंच, पगार खात्यावर घ्यायचा, तक्त्याचा फोटो ठेवायचा. गटातल्या बाईला कागदाचं महत्त्व मी काय सांगू?

आपल्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेबद्दल आज वेळ कमी आहे. सपाटीवर ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात ३ हजारांना. लसीकरण, गरोदर बायका, रजिस्टरं, आणि तीच माहिती परत मोबाइलच्या अॅपवर. तिची पाळी संपतच नाही, कारण तिचा नंबर सगळ्या गावाकडं आहे. रात्री अकराला "लोहाच्या गोळ्या संपल्या" म्हणून फोन करणाऱ्या आपल्यातल्याच असतात. गोळ्या सकाळी मागितल्या तर चालतं.

राहता राहिली आमची सिस्टर. सरकारी भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. क्लासच्या फीसाठी तिनं गटात १५ हजारांचं कर्ज मागितलं. त्याच आठवड्यात नवऱ्यानं बागेच्या औषधांसाठी तिच्याच नावावर उचल मागितली. घरात दोन दिवस बोलणं बंद होतं. बैठकीत सासूबाई सभासद नसताना येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाग दरसाल हाय. तिचं आधी लिवा." आक्कांनी लिहिलं. पहिला हप्ता आलाय. परीक्षा व्हायची आहे.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाला झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, कामावर जायचं म्हटलं की पोटात गोळा येत असेल, तर टेलिमानसचा नंबर लिहून घ्या. १४४१६. परत सांगते, एक चार चार एक सहा. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. पुढच्या वेळी आपण गटाच्या लेखापरीक्षणावर बोलू, तेव्हा वही जवळ ठेवा. नमस्कार.